शकुंतलेचे रूळ तरी राहू द्या

संपादक महोदय,

आमच्या दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात आता बकऱ्या चरतात. बाभळी एवढ्या माजल्या आहेत की रूळ कुठे हे पायाने चाचपडूनच कळते.

ही शकुंतला, म्हणजे आमची छोटी रेल्वे, माणसांसाठी आलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायचा, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर, हा तिचा उद्योग. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्ग 1903 चा, अचलपूरचा फाटा दहाएक वर्षांनंतरचा. रुळांतले अंतर अडीच फूट. माणसे नंतर चढली आणि गाडी त्यांचीच झाली. 1921 साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले. गार्डच उतरून तिकिटे देई, फाटक लावी. एखादी म्हातारी गाठोडे घेऊन धुऱ्यावरून पळत आली तर गाडी थांबायचीच. एसटीने तिला वेगात हरवले, पण तिकिटात कधीच नाही.

मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश काळातल्या एका खासगी कंपनीचीच राहिली. मग दुरुस्तीवर खर्च कोणी करायचा? रुळांखालचे स्लीपर कुजत गेले, वेग घटला, शेवटी गाडीच बंद.

ब्रॉडगेजचे, म्हणजे रुंद रुळांचे, आश्वासन दर निवडणुकीला येते. ते होईल तेव्हा होवो. निदान जमिनीवर अतिक्रमण होऊ नये आणि उरलेले रूळ भंगारात जाऊ नयेत, एवढे आत्ताच करता येईल.

– एक जुना पासधारक, दारव्हा (जि. यवतमाळ)