रविवारी पॅच तपासणी: लॅपटॉप चार्ज करून आणा

मित्रहो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता गावच्या वाचनालयात जमायचं आहे. व्हर्च्युअल मशीनचं (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाचं) घड्याळ स्थिर ठेवणारा लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ओळीओळीने तपासू.

सगळ्यात आधी हे पाहा: मशीन एका होस्टवरून (ते चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरून) दुसऱ्यावर हलवलं तरी मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ मागे जाता कामा नये. केव्हीएम-क्लॉकची नोंद (होस्ट मशीनला वेळ कळवण्यासाठी मेमरीत ठेवतो ती) वाचताना आवृत्ती क्रमांक विषम आला, म्हणजे होस्ट ती बदलतो आहे. पुन्हा वाचायला हवं. ही फेरवाचनाची अट पॅचमध्ये शाबूत आहे ना? माझा जीव तिथेच अडकला आहे.

- पॅच घरूनच उतरवून आणा, वाचनालयात रेंज मिळत नाही.
- लाइटचा भरवसा नाही.
- स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कुणीही ‘तपासलं’ असा शेरा देऊ नये.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.