गेटवर काचेची एक नळी ठेवा

महोदय,

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. सगळी मिळून दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर. तेव्हापासून बातम्यांत हा क्षमतेचाच आकडा फिरतो आहे. मी घाटावरच्या एका छोट्या नगरपालिकेच्या प्लँटवर सव्वीस वर्षे ऑपरेटर होतो, हल्ली दहिसरला मुलाकडे असतो. आकडा वाचला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रे, रात्री चालणार ना?

आमच्याकडे जाळीवर चिंध्या-पिशव्या अडकायच्या, पुढे वाळू बसायची आणि मग एरेशनची टाकी. खरा संसार तिथला. खालून हवा सोडायची आणि गाळातल्या जिवाणूंनी घाण खायची. पुढे क्लॅरिफायरमध्ये गाळ तळाशी बसला की निवळ पाणी नदीत आणि थोडा गाळ विरजणासारखा परत टाकीत.

घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम धरा. म्हणजे ती घाण कुजताना तेवढा प्राणवायू ओढून घेते. नदीच्या चांगल्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. हिशेब करून पाहा, एक लिटर मैलापाणी पंचवीसेक लिटर नदीचा श्वास संपवू शकते. ते कुजणे नदीत होण्याऐवजी टाकीत उरकायचे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

रोज सकाळी सात वाजता मी एक लिटरच्या काचेच्या नळीत टाकीतले पाणी भरून अर्धा तास ठेवत असे. गाळ चॉकलेटी, वर पाणी स्वच्छ, वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा, की चहा प्यायला मोकळा. पाणी काळे आणि वास कुजक्या अंड्यांचा आला, तर रात्री कोणीतरी ब्लोअर बंद ठेवलेला असायचा. अशा प्लँटच्या विजेत निम्म्याहून जास्त वाटा हवेचा असतो, त्यामुळे काटकसरीची कुऱ्हाड पहिली तिथेच पडते.

एकदा नळीत गाळ बसेचना. कोणीतरी रात्री गटारात अ‍ॅसिड ओतले होते आणि टाकीतले जिवाणू मेले होते. साहेबांनी विचारले, नवे मशीन मागवायचे का? म्हटले, साहेब, शेण मागवा आणि गूळ. टाकी पुन्हा जिवंत व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस पुलाखाली मासे उलटे तरंगत होते आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. बरोबरच होते त्यांचे.

इथली दहिसर नदी नॅशनल पार्कातून बाहेर पडते तेव्हा बरी असते. पुढे वस्त्या आणि तबेले लागले की मनोरी खाडीपर्यंत तिचा नाला होतो. जे गटार थेट नदीत पडते, ते कुठल्याही केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. पण ते दुखणे वेगळे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आज मागणी एवढीच. प्रत्येक केंद्राच्या गेटवर, रस्त्यावरून वाचता येईल असा फळा लावावा: काल आत आलेल्या पाण्याचा बीओडी किती, बाहेर सोडलेल्याचा किती, ब्लोअर किती तास चालले. आणि शेजारी ती काचेची नळी, रोज सकाळी ताजी भरलेली. फळ्यावर काहीही लिहिता येते. नळीत काय दिसते ते शाळेत जाणाऱ्या पोरालाही कळेल.

नळी काही महाग नसते. आमच्याकडची दोनदा फुटली, दोन्ही वेळा मी पदरच्या पैशांनी आणली होती.

– एक निवृत्त ऑपरेटर, दहिसर