दहाचं नाणं, मावशी आणि बट्टा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. गल्ल्याखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात आजच्या तारखेला दहाची ३१४ नाणी पडून आहेत. गिऱ्हाईक देतं म्हणून मी घेतो, पण मी पुढे द्यायला गेलो की कोणी हात लावत नाही. परवा आठवडे बाजारात भरताची वांगी घेतली आणि भाजीवाल्या मावशीला तीन नाणी दिली, तर तिनं ती उलटीपालटी करून बघितली अन् परत माझ्याच पिशवीत टाकली. "दादा, हाई आठे कोनी लेत नई." मी म्हटलं मावशी सरकारचं नाणं आहे, सिंह बघा वरती. तर म्हणे, "सरकार वांगा लेवाले येस का?" मी गप. नोटा काढून दिल्या.

मग बँकेत गेलो तर खिडकीवरचा पोरगा म्हणे काका मोजायला माणूस नाही, सोमवारी या. सोमवारी दुसरा होता, तो म्हणे गुरुवारी या. बाजारात एका भल्या माणसाने तर शंभराच्या नाण्यांना नव्वदच्या नोटा देऊ केल्या! आता रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याची १४ डिझाइन आहेत आणि सगळीच्या सगळी चालतात, ₹ चिन्ह असो की नसो. कायदाही आहे, २०११ चा, एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत नाणी दिली तर ती कायदेशीर. म्हणजे कायद्याने हे नाणं पैसा आहे, आणि मावशीच्या पाटीपुढे ते पितळेचं बटण.

हे लिहायचं कारण म्हणजे अलीकडे जो तो पैशावर कोणाचा कंट्रोल पाहिजे यावर बोलतो, कोणी म्हणतं सरकारचा, कोणी म्हणतं रिझर्व्ह बँकेचा, आमच्याकडची कॉलेजची पोरं म्हणतात कोणाचाच नको सगळं कॉम्प्युटरवर सोडा. मावशीला कोणी विचारत नाही, आणि खरा पैसा तर तिच्या हो म्हणण्यावर चालतो.

२०१६ ला उलटं झालं होतं. ८ नोव्हेंबरच्या रात्री बाजार पाचशे-हजारच्या नोटा डोळे झाकून घेत होता आणि सरकारने सांगितलं की त्या आता नाहीत. किमतीने बघितलं तर देशातल्या ८६ टक्के नोटा! कापसाचे दिवस, वेचणीला बायका लावलेल्या, मजुरी हप्त्याची, आणि आमच्या भागात शेतकऱ्याचं खातं बहुतेक जिल्हा बँकेत. तर १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई केली. माझ्या दुकानात त्या महिन्यात उधारीची वही अर्धी भरली, मीठ-तेल सगळं वहीवर. त्या दिवसात गावचा पैसा म्हणजे माझी वही होती, असं म्हटलं तरी चालेल. पुढे ९९.३ टक्के नोटा परत आल्या असा हिशोब रिझर्व्ह बँकेनेच दिला, त्यावर मी काय बोलू.

आधी हे असं नव्हतं असंही नाही. इंग्रजांनी १८३५ ला आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया आणला, त्याच्या आधी जेवढ्या टांकसाळी तेवढे रुपये, आमच्या एका बाजूला बऱ्हाणपूरची टांकसाळ, दुसऱ्या बाजूला होळकरांची चांदवडची, तिचा चांदवडी रुपया. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो वाजवून, घासून बघणार आणि त्यातून बट्टा कापणार. नावाला बट्टा लागला म्हणतो ना आपण, तो हाच बट्टा. पैशाचा मालक तेव्हा सराफ होता. आणि मला शंभराला नव्वद देऊ करणारा तो भला माणूस त्याचाच नातू समजा.

माझी आजी निरक्षर, पण रुपया ओट्यावर आपटून आवाजावरून सांगायची चांदीचा की भेसळीचा. राणी छाप तिने शेवटपर्यंत मोडला नाही. १९४० ला इंग्रजांनी रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० वर आणली, राजाचं डोकं तेच, नाव तेच, वजन तेच. आजी म्हणायची हा रुपया बहिरा झाला. आजोबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, तेव्हापासून आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल ठरवताना रोकड कमी करा आणि दादर ज्वारी जास्त द्या म्हणून अडून बसायचा. इकॉनॉमिक्स शिकलेला नव्हता तो, पण ज्वारीचं पोतं बहिरं होत नाही एवढं त्याला कळत होतं.

आणि नुसती चांदी कमी करूनच खेळ करता येतो असं नाही, भाव बांधूनही येतो. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जायचा आणि रुपये पाडून आणायचा, त्या साली ते दार लोकांसाठी बंद झालं आणि किल्ली सरकारकडे गेली. पहिल्या महायुद्धाआधी रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता, म्हणजे एका पौंडाचे १५ रुपये. १९२७ ला तो १ शिलिंग ६ पेन्सवर पक्का केला. म्हणजे विलायतेत एक पौंडाला गेलेल्या कापसाचे आता १३ रुपये ५ आणे ४ पै. तोच कापूस, तोच पौंड. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पदरातून एक रुपया १० आणे ८ पै कुठे गेले हे त्याला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. (मजुराच्या बाजूने बघाल तर रुपया पडला की महागाई, त्यामुळे सालदाराचं मत आजोबांपेक्षा वेगळं पडलं असतं, हेही खरंय.)

यावर सगळ्यात रोखठोक लिहिलं ते बाबासाहेबांनी. १९२३ चा त्यांचा रुपयावरचा ग्रंथ, लंडनचा. जयंतीला आम्ही फोटोला हार घालतो पण हे पुस्तक कोण वाचतो? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नका, रुपये पाडण्याला कायद्याने मर्यादा घाला, कारण बँकेने बेफाम नोटा काढल्या तर फटका तिच्याच मालमत्तेला बसतो, सरकारी माणूस चुकला तर त्याच्या खिशातून काहीच जात नाही. २०१६ च्या रांगेत उभं राहून मला हेच वाक्य आठवायला पाहिजे होतं, पण तेव्हा मी ते वाचलेलं नव्हतं.

आता व्याजदर ठरवायला सहा जणांची समिती आहे, तिघं रिझर्व्ह बँकेचे तिघं सरकारने नेमलेले, महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन इकडे दोन तिकडे. नियम आहे हे चांगलंच, बाबासाहेबांना हवं होतं ते सोन्याचं चलन नसलं तरी निदान आकडा तरी आहे ज्यावरून विचारता येतं. पण मग नोटाबंदीसारख्या निर्णयालाही असाच काही नियम नको का, निदान संसदेत आधी चर्चा? एका संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या बोर्डाची मिटिंग आणि रात्री टीव्हीवर भाषण, हे मला पटत नाही, पक्ष कोणताही असो.

फोनवरच्या पैशाबद्दल एवढंच, की मावशीकडे आता क्यूआर कोड आहे, तिचा नातू लावून गेला, पण बाजारात रेंज गेली की ती पाटीखालची नोटांची पुरचुंडी काढते.

माझी मागणी छोटी आहे. तालुक्याच्या प्रत्येक बँक शाखेत महिन्यातून एक दिवस फक्त नाणी घेण्याचा ठेवा, आणि बाजाराच्या दिवशी कोणीतरी साहेबाने येऊन मावशीच्या पाटीवर दहाचं नाणं देऊन वांगी विकत घेऊन दाखवावी, तिच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे.

तोवर डबा तसाच आहे. कोणाला सुट्टे लागत असतील तर दुकानावर या, बट्टा म्हणून चहा माझ्याकडून.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. चोपडा, जि. जळगाव