कंपनीची नियमावली सभासदांना मराठीत मिळावी

संपादक महोदय,

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मी भागधारक सभासद आहे. कंपनीची तूर आणि सोयाबीनची खरेदी बऱ्यापैकी चालते. परंतु कंपनी ज्या कागदावर उभी आहे ती तिची नियमावली, म्हणजे सीए मंडळी ज्याला 'आर्टिकल्स' म्हणतात तो दस्तऐवज, गेल्या हंगामापर्यंत आमच्यापैकी जवळजवळ कोणीच पाहिलेला नव्हता. तो पाहण्याची वेळ बँकेने आणली. कर्जाच्या प्रस्तावासोबत मेमोरँडम (कंपनीचे उद्देश सांगणारा दस्तऐवज) आणि आर्टिकल्सच्या प्रती जोडा, असे बँकेने सांगितल्यावर लक्षात आले की कंपनीच्या कपाटात नोंदणी प्रमाणपत्राच्या झेरॉक्सखेरीज काहीच नाही. बाकीचा संच नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराकडे होता, आणि त्याच्या शुल्काची काही रक्कम बाकी असल्याने तो फोन घेत नव्हता.

वास्तविक हा कागद कोणाच्या मेहेरबानीने मिळवायचा नसतो. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये शुल्क भरून कोणालाही एखाद्या कंपनीचे दाखल दस्तऐवज पाहता येतात, आणि प्रमाणित प्रत हवी असल्यास पानामागे 25 रुपये पडतात. सभासदाचा हक्क तर याहून मोठा आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 17 प्रमाणे सभासदाने मागणी करून शुल्क भरले, की कंपनीने सात दिवसांच्या आत त्याला मेमोरँडम आणि आर्टिकल्सची प्रत दिली पाहिजे. न दिल्यास दिवसाला 1,000 रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड आहे. आम्हाला हे चार वर्षांत कोणी सांगितले नाही, आणि खरे बोलायचे तर आम्हीही कधी विचारले नाही.

प्रत हाती आली तेव्हा खरा प्रकार उघड झाला. सगळा मजकूर इंग्रजीत होता, आणि गावातील शाळेच्या एका शिक्षकांनी तो वाचून सांगायला सुरुवात केली तेव्हा तो कुठल्यातरी दूध उत्पादक कंपनीचा उतरवून घेतलेला असल्याचे दिसले. वर्षभरात ठरावीक लिटर दूध घालणाराच क्रियाशील सभासद, आणि मतदानाचा हक्कही त्यालाच, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते ऐकून आमचे एक वयस्क सभासद म्हणाले, "माह्या घरी तं दोन बैलच हायेत, दूध कुठून आनू?" सगळे हसले, पण संचालकांच्या निवडणुकीत कोणी या कलमावर बोट ठेवले असते तर तूर घालणारा एकही शेतकरी मतदार ठरला नसता. सभासदाच्या मालाच्या किमतीतला राखून ठेवलेला भाग त्याला केव्हा द्यायचा आणि बोनस कशाच्या प्रमाणात वाटायचा, हेही याच कागदावर ठरते.

कायद्याने यावर उपाय ठेवलेला नाही असे नाही. उत्पादक कंपन्यांच्या तरतुदी 2002 च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यात आल्या आणि आता त्या 2013 च्या अधिनियमात प्रकरण एकवीस-अ म्हणून आहेत. त्यांनुसार नोंदणीपासून 90 दिवसांत पहिली वार्षिक सभा घ्यायची असते आणि त्या सभेत सभासदांनी नियमावली स्वीकारायची असते. आमच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिलेले आहे. त्या दिवशी सह्या केल्याचे आणि चहा घेतल्याचे मला आठवते. एकही कलम वाचल्याचे आठवत नाही.

न वाचता स्वीकारलेली नियमावली बदलणे मात्र सोपे नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव निवडून आलेल्या संचालकांपैकी दोन तृतीयांश जणांनी किंवा एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश जणांनी मांडावा लागतो, सभेची सूचना किमान 14 दिवस आधी द्यावी लागते, गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद हजर असावे लागतात, विशेष ठराव (साध्या बहुमतापेक्षा मोठ्या बहुमताचा) व्हावा लागतो आणि दोन संचालकांनी प्रमाणित केलेली सुधारित प्रत 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल करावी लागते. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत शंभर माणसे दुपारी एका मांडवाखाली बसवणे किती अवघड असते, हे ज्याने वावर केले आहे त्यालाच कळेल.

केंद्राच्या 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत सपाट भागात किमान 300 सभासदांची अट आहे, आणि प्रति सभासद 2,000 रुपयांपर्यंत, कंपनीला कमाल 15 लाख, असे समभाग अनुदान (सभासदांच्या भागभांडवलाला सरकारची जोड) मिळते. त्यासाठी सभासदांच्या याद्या आणि आधार क्रमांक अगदी काटेकोरपणे तपासले जातात. तेवढ्याच काटेकोरपणे नियमावलीची मराठी प्रत कंपनीच्या कार्यालयात आहे की नाही आणि पहिल्या सभेत ती वाचली गेली की नाही, हे अनुदानाआधी तपासले जावे, अशी माझी कृषी विभागाला विनंती आहे. गावातील सेवा सहकारी सोसायटीचे उपविधी मराठीत छापलेले असतात आणि कर्ज नाकारले गेले की साधा सभासदही त्यांतले कलम दाखवून भांडतो. कंपनीच्या सभासदाला निदान तेवढे तरी करता यावे.

आमच्या शिक्षकांनी केलेले भाषांतर सध्या खरेदी केंद्रावर वजनकाट्याच्या टेबलाला सुतळीने बांधून ठेवले आहे. माल मोजून होईपर्यंत लोक ते चाळतात, आणि दुधाच्या कलमाखाली कोणीतरी निळ्या पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. दुरुस्तीची सभा तुरीची खरेदी आटोपल्यावर घेण्याचे ठरले आहे.

आपला,
एक सभासद,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ