जुन्या ४०७ च्या डिफरन्शियलची गळती

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या टाटा ४०७ ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतून, तेल गळते आहे आणि गॅरेजवाल्याने खाली न वाकताच "पिनियनचे सील टाकू" असे सांगितले, हे तुझ्याकडून कळले. पिनियनचे, म्हणजे त्या पेटीतल्या पुढच्या लहान गिअरच्या दांड्याभोवतीचे, तेल अडवणारे रबरी सील कदाचित बदलावे लागेलही. पण तेल नेमके कुठून येते आणि का येते, हे ठरल्याशिवाय पाना लावू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

हाऊसिंगवर, म्हणजे मागच्या धुरीच्या बाहेरच्या आवरणावर, तेल आणि धुळीचा जो काळा थर बसला आहे, तो आधी डिझेल व तारेच्या ब्रशने काढून कापडाने कोरडा कर. मग गाडी थोडी फिरवून आण, चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लाव आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली शिर. चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे पसरते, म्हणून थेंब जिथे लोंबतो तिथे दोष असतोच असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओल शोधावी. गिअरबॉक्सकडून मागे ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट ज्या चकतीला जोडतात त्या फ्लँजमागे ओल असून वर बॉडीच्या तळाला तेलाचे शिंतोडे दिसले, तर दोष पिनियनच्या सीलचा. डिफरन्शियल हाऊसिंगला बोल्टांनी जिथे जोडलेले आहे तिथे ओल असेल तर पॅकिंग गेले, आणि केवळ तेल काढायच्या खालच्या प्लगभोवती असेल तर वॉशर बदलून काम भागेल.

हाऊसिंगच्या माथ्यावर ब्रीदरची, म्हणजे हवा जाण्याच्या भोकाची, लहान टोपी असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. माल भरून गाडी घाट चढते तेव्हा तेल तापते, आतली हवा फुगते आणि तिला त्या टोपीतून बाहेर पडावे लागते. टोपी चिखलाने बुजली असेल तर तोच दाब तेलाला सीलच्या ओठातून, म्हणजे आतल्या रबरी कडेतून, बाहेर ढकलतो आणि नवे सीलही लवकरच ओले होते. म्हणून ती काढून हवेने स्वच्छ कर. सपाट जागी, गाडी थंड असताना, तेल भरायचा वरचा प्लग उघडून तेलाची पातळीही पाहा. ते भोकाच्या खालच्या कडेला टेकलेले असावे. त्याहून अधिक तेल भरल्यानेही गळती होते.

सील बदलायचेच ठरले, तर प्रोपेलर शाफ्ट उतरवल्यावर फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग झिजलेले आहे आणि अशा ठिकाणी नवे सील टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. खेळ नसेल तर नट, फ्लँज आणि पिनियनचा दांडा यांवर पंचाने खुणा करून मगच ते खोलू दे. सीलचा ओठ फ्लँजच्या ज्या गुळगुळीत भागावर फिरतो, त्यावरून नख फिरव. जुन्या गाडीत तिथे बारीक चर पडलेली असते आणि नख अडकले तर फ्लँजही बदलावा लागतो, हे गॅरेजवाला आपणहून सांगेलच असे नाही. नव्या सीलचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवून, त्याला ग्रीस लावून, ते सर्व बाजूंनी सारखे ठोकून बसवावे. पान्याला पाइप अडकवून अंदाजाने नट आवळू देऊ नकोस, कारण पिनियनची बेअरिंगे किती दाबाने बसतात हे त्यावर अवलंबून असते. कंपनीच्या पुस्तकातील आकडा पाहून टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानेच, तो आवळावा.

तेल काढताना आधी वरचा प्लग सुटतो ना, हे पाहून मगच खालचा खोलावा. काढलेल्या तेलात राखाडी, मऊ लगदा असेल तर चिंता नाही. चमचमते तुकडे मिळाले तर क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मोठ्या-लहान गिअरची जोडी, तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस. पुन्हा भरताना पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे जीएल-५ दर्जाचेच गिअर तेल घे.

मला खरी काळजी चाकांची आहे. हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचे, सील गेले तर तेच तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, ब्रेकचे लायनर भिजतात आणि भरलेली गाडी कसारा घाट उतरताना ब्रेक एका बाजूने धरतो किंवा धरतच नाही. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नकोस. सीलबरोबर दोन्ही चाकांचे लायनर नवे टाक, खर्चाचे मी पाहतो. लासलगावचा कांदा एक दिवस उशिरा वाशीला पोहोचला तरी चालेल. मागच्या दोन्ही आतल्या टायरांवर तेलाचे ओघळ आहेत का, एवढे आजच पाहून मला फोन कर.

तुझे,
बाबा