प्रोजेक्टर बसवताना त्याचे रंगही लावून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना प्रोजेक्टर मिळाल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात आणि एक कलाशिक्षिका म्हणून मला त्याचा आनंदच होतो. ग्रामीण भागातल्या मुलांना अजिंठ्याची भित्तिचित्रे भिंतभर मोठी दाखवता येतील, असे आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. पण यंत्र बसवण्याची जी पद्धत पडून गेली आहे, तिच्याबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. बसवणारा माणूस येतो, छताला यंत्र अडकवतो, भिंतीवर चित्र पडले की मुख्याध्यापकांची सही घेतो आणि निघतो. चित्राचे रंग कसे पडले आहेत हे कोणी बघत नाही. त्यापुढे यंत्र बंद पडेपर्यंत रिमोटवरचे मेनूचे बटण कोणी दाबत नाही.

आठवीच्या वर्गात अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी दाखवत होते. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘‘बाई, यांचा चेहरा हिरवा का काढलाय?’’ त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. गालावरची गेरूची ऊब गायब होती, चेहऱ्यावर शेवाळी झाक होती आणि हातातले निळे कमळ मागच्या काळोखात मिसळून गेले होते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे साधे रंग वापरले. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द दगड कुटून घातला. तेच निळे मुलांना दिसणार नसेल, तर मी शिकवायचे काय?

दोष यंत्रात नव्हता. ते ‘डायनॅमिक’ मोडवर होते. पुष्कळ प्रोजेक्टर असेच सर्वांत झगझगीत मोडवर सुरू होतात, कारण खोक्यावर छापलेला लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा त्याच मोडचा असतो. दिव्याच्या यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याच्या प्रकाशात हिरवा भरपूर आणि तांबडा कमी. रंग खरे दिसायला हवे असतील तर यंत्राला जास्तीचा हिरवा अडवावा लागतो आणि त्यात एकूण प्रकाश घटतो. डायनॅमिक मोड तो हिरवा अडवत नाही. ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड अडवतो. एसआरजीबी हे १९९६ साली संगणकाच्या पडद्यासाठी ठरवलेले रंगांचे माप. फोटो, नकाशे, पुस्तकांच्या पीडीएफ बहुधा याच मापाने तयार होतात, म्हणून तो मोड असेल तर आधी तोच लावून बघावा. रिमोटवर दोन-तीन बटणे दाबायची, एवढेच काम.

सिनेमा मोडवर चित्र अंधारलेले वाटते ही तक्रार मी नेहमी ऐकते, आणि ती खरी आहे. पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो टाकतो फक्त प्रकाश. चित्रातला काळा म्हणजे भिंतीचा तो भाग, जिथे यंत्राचा प्रकाश जवळजवळ पडत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर तो भाग राखाडीच दिसणार, मग यंत्र कितीही महागाचे असो. त्यामुळे जाड कापडाचे पडदे हा प्रोजेक्टरच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे. नुसता मजकूर किंवा गणित दाखवायचे आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या असतील तर डायनॅमिक मोड खुशाल वापरावा. चित्र, नकाशा, वनस्पतीचा फोटो आला की तो बदलावा.

भिंतीचेही तसेच. आमच्याकडे वर्गांना पिवळसर किंवा फिकट निळा डिस्टेंपर असतो, खाली ऑइलपेंटचा पट्टा. पिवळ्या भिंतीवर पांढरा पांढरा दिसणे शक्य नाही आणि ऑइलपेंटवर दिव्याची तिरीप चमकते. मेनूमध्ये भिंतीचा रंग निवडायची सोय पुष्कळ यंत्रांत असते, तिचा थोडा उपयोग होतो. त्यापेक्षा भिंतीवर चित्राच्या मापाचा चौकोन चमक नसलेल्या पांढऱ्या रंगाने रंगवून घेतला तर खर्च किरकोळ आणि फरक डोळ्यांना लगेच कळतो.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट या दोन शब्दांनी फार गोंधळ केला आहे. चित्र फिके वाटले की जो तो ब्राइटनेस वाढवतो आणि ते आणखी फिके होते. ब्राइटनेसने चित्रातला काळा किती गडद हे ठरते, कॉन्ट्रास्टने पांढरा किती उजळ ते. मी संगणकावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी छटांची एक पट्टी करून ठेवली आहे, जशी आम्ही मुलांकडून पेन्सिलीने करून घेतो. ती भिंतीवर टाकायची. सर्वांत गडद दोन घरे वेगळी ओळखू येतील इतपत ब्राइटनेस ठेवायचा, मग सर्वांत उजळ दोन घरे वेगळी दिसतील इतपत कॉन्ट्रास्ट. पुन्हा एकदा काळी बाजू तपासायची, कारण एक हलवले की दुसरे थोडे सरकते. त्यानंतर कलर टेम्परेचर, म्हणजे पांढऱ्याची झाक, ६५०० केल्विनच्या आसपास. आकडा वाढला की चित्र निळसर होते, उतरला की पिवळसर. ‘कलर’ म्हणजे रंगांचा भडकपणा, तो सगळ्यांत शेवटी आणि बेताने. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो लावून बघावा. चेहऱ्याचा रंग बिघडलेला मुलांनाही चटकन कळतो. ‘टिंट’ हलत नाही म्हणून काही जण यंत्र बिघडले समजतात. पुष्कळ यंत्रांत तो पर्याय फक्त एनटीएससी या टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या व्हिडिओसाठी असतो, तो सोडून द्यावा.

रंगचक्र शिकवताना मला आणखी एक अडचण येते. काही यंत्रांत रंग दाखवणारी एक चकती गरगर फिरत असते आणि प्रकाश वाढवायला तिच्यावर रंगहीन तुकडाही ठेवलेला असतो. पांढरा त्यामुळे लखलखीत होतो, पण त्याच्या शेजारी पिवळा मोहरीसारखा मळकट दिसतो. मुले पिवळ्याच्या जागी तोच मळका रंग कालवतात. अशा यंत्राच्या मेनूत ‘ब्रिलियंट कलर’ असा पर्याय असला तर तो खाली आणावा, पिवळा बराच सुधारतो.

चित्राच्या मापाकडेही बघितले पाहिजे. चारास तीन अशा रुंदी-उंचीचे चित्र सोळास नऊच्या मापात ताणले की वर्तुळाची लंबवर्तुळे होतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांना भूमितीची रचना अशा पडद्यावर दाखवणे म्हणजे त्यांची नजर बिघडवणे. एक वर्तुळ टाकून पट्टीने आडवे-उभे मोजले की खात्री होते.

आणि सगळे गुलाबी दिसू लागले तर कृपा करून ‘लॅम्प गेला’ म्हणू नका. शेजारच्या एका शाळेत याच कारणाने प्रोजेक्टर कपाटात ठेवला होता. संगणक जोडायच्या व्हीजीए वायरीच्या टोकाला तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाची वेगळी पिन असते. तिथे हिरव्याची पिन वाकून बसली होती. हिरवा गेला की चित्र गुलाबी-जांभळे होते, निळा गेला की पिवळे, तांबडा गेला की मोरपिशी. वायर बदलल्यावर तोच प्रोजेक्टर चालू झाला. दिवा खरोखर म्हातारा होतो तेव्हा चित्र मंद होत जाते, ठरलेल्या आयुष्याच्या अखेरीस साधारण निम्म्यावर येते. किती तास झाले ते मेनूतच दिसते.

हे सगळे प्रत्येक शिक्षकाने पाठ करावे असे माझे म्हणणे नाही. शिक्षण विभागाला आणि यंत्रे देणाऱ्या देणगीदारांना माझी विनंती एवढीच आहे की, नुसते चित्र पडले म्हणून बसवल्याच्या कागदावर सही होऊ नये. ज्या वर्गात यंत्र राहणार त्याच वर्गात, भर दुपारी, पडदे लावून, वर्गशिक्षकांच्या समोर चित्राचे रंग जुळवून घ्यावेत. एचडीएमआय आणि व्हीजीए या दोन्ही जोडण्यांवर, कारण अनेक यंत्रांत एकावर केलेली जुळवणी दुसऱ्याला लागू होत नाही. कोणता मोड आणि कोणते आकडे ठेवले ते मराठीत एका कागदावर लिहून स्विचबोर्डाजवळ चिकटवावे. यंत्राची हवेची जाळी महिन्यातून एकदा पुसण्याची सूचनाही त्यावरच असावी. निविदेत ही एक अट घालायला वेगळा निधी लागत नाही. ज्या शाळांत यंत्रे आधीच बसली आहेत, तिथे शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी मिळाला तर राखाडी छटांची पट्टी घेऊन मी स्वतः यायला तयार आहे.

आपली,
एक कलाशिक्षिका, ता. कोरेगाव, जि. सातारा