गाडी घ्या, पण चावी घरातच राहू दे

ती. आई-बाबा,
सा. न.

नातीला परवाना मिळाला की गाडी घेऊन द्यायची, हे तुम्ही दोघांनी मनात पक्कं केलंय असं दिसतंय. पैसे तुमचे, हौस तुमची, मी मोडता घालणार नाही. फक्त गाडी तिच्या नावावर नको आणि चावी तिच्या एकटीच्या पर्समध्ये नको, एवढं ठासून सांगते.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत किशोरवयीन चालकांचे दोन गट तपासले होते. काहींच्या हाती हक्काची गाडी होती, तर काहीजण घरची गाडी मागून नेत होते. हक्काची गाडी असणाऱ्यांमध्ये अपघात झालेल्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. मला यात नवल वाटत नाही. गाडी मागायची म्हटलं की कुठे चाललीस, कोण आहे बरोबर, परत कधी, हे प्रश्न आपोआप येतात. गाडी स्वतःचीच असली की ते विचारणारं कुणी उरत नाही. शिवाय कोपऱ्यावर जायचं तरी गाडी काढली जाते आणि फेऱ्या वाढतात.

बाबा, "तिच्यावर विश्वास नाही का?" असं तुम्ही विचारणारच. पोरगी शहाणी आहे, पण रस्त्याची नजर शहाणपणाने येत नाही, सरावाने येते. नवा चालक समोरच्या गाडीच्या पाठीकडेच बघत राहतो. तिच्याही पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागलेत, कडेला उभ्या गाडीचं दार उघडतंय, हे त्याला उशिरा दिसतं. म्हणून परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 21 वर्षांखालच्या शिकाऊंना परीक्षेआधी 120 तासांचा सराव नोंदवावा लागतो. आपण निदान 50 तास तरी तिच्या शेजारी बसूया, आणि त्यातले काही रात्रीचे, काही पावसातले असू देत.

आई, तुला वाटतं की एकटीने जाण्यापेक्षा चार मैत्रिणी बरोबर असलेल्या बऱ्या. गाडीच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. बरोबरीची मुलं गाडीत जितकी जास्त, तितका अपघाताचा धोका वाढतो. शेजारी मोठं माणूस असलं तर तो कमी होतो. न्यूझीलंडने 1987 साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली, तेव्हा रात्रीचं एकट्याने चालवणं आणि सोबतची मंडळी याच दोन गोष्टींवर बंधनं घातली. तेच आपण घरात करूया: पहिले सहा महिने मैत्रिणींना गाडीत घ्यायचं नाही आणि रात्री दहानंतर एकटीने चालवायचं नाही. फोन मागच्या सीटवर. ताशी 60 किलोमीटरने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते, तीही कुणाची नजर रस्त्यावर नसताना.

आता गाडी कोणती, हे महत्त्वाचं. कोरी करकरीत, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी सोयींची गाडी घेण्यापेक्षा त्याच पैशात चार-पाच वर्षं वापरलेली मध्यम आकाराची गाडी घ्या. धडकेत वजनदार गाडीतली माणसं जास्त सुरक्षित राहतात. पण म्हणून सात सीटांचं उंच धूड नको. सीटा असल्या की माणसं भरली जातात. जोरकस इंजिनही नको. ताशी 50 वरून 70 वर गेलं की धडकेचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, हे तिला एकदा आकडे मांडून दाखवा, म्हणजे पटेल.

ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल, हवंच, त्यावर तडजोड नाही. वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करते. काही कंपन्या तिला ईएसपी म्हणतात. इग्निशन चालू केल्यावर समोर गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेषा असा दिवा लागून विझायला हवा. अपघात-चाचणीतले तारे मोजताना चाचणीचं वर्षही बघा. नियम कडक होत गेलेत, त्यामुळे जुने पाच तारे म्हणजे आजचे पाच नव्हेत. एअरबॅग किती आहेत ते त्याच मॉडेलच्या त्याच प्रकारात मोजा, जाहिरातीतली गाडी बहुधा सगळ्यात महागडी असते.

वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर विकणाऱ्याने इंजिन आधीच चालवून ठेवलंय. त्याला थंड होऊ द्यायला सांगा आणि मग स्वतः सुरू करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय, ती गाडी सोडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. एअरबॅगचा दिवा इग्निशनवर लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझणं वाईट, पण मुळात न लागणं त्याहून वाईट, कारण दोष लपवायला कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर वरून कितीही धडधाकट दिसो, जाणकाराला दाखवल्याशिवाय ठेवू नका. रबर वयानेही कडक होतं. नक्षीची खोली 3 मिलिमीटरच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून सगळे पैसे गाडीतच घालू नका, चार टायर, बॅटरी आणि ब्रेक ऑइल यांच्यापुरते बाजूला राहू द्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. विमा कंपनीने मुख्य चालक कोण असं विचारलं तर तिचंच नाव द्या. हप्ता वाढला तरी चालेल, खरं लपवलं तर दावा अडकू शकतो.

आई, तू हौसेने सीटकव्हर शिवून घेशील म्हणून सांगते, बाजूच्या एअरबॅग सीटमध्ये असतील तर कव्हर त्यांच्यासाठी उसवणारं, कंपनीने मान्य केलेलंच घ्यायचं. मॅटवर मॅट तर अजिबात नको, वरची सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकते. स्टीअरिंग आणि तिची छाती यांच्यात निदान 25 सेंटिमीटर अंतर राहील अशी सीट लावून द्या. मोकळ्या मैदानात ताशी 40 वरून पूर्ण जोराने ब्रेक दाबायला लावा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं आणि नवखी माणसं घाबरून पाय उचलतात. पाय दाबूनच ठेवायचा, हे एकदा अनुभवलेलं बरं.

पेट्रोलचा खर्च तिने तिच्या पैशातून करायचा, यावर मी तिच्याशी बोलते. बाबा, तुम्ही गाडी बघाल तेव्हा चारही टायरांचे आकडे आणि इग्निशन चालू असताना डॅशबोर्डचा फोटो मला पाठवा. तोवर कुणाला बयाणा देऊ नका.

तुमची,
धाकटी